गल्ल्यावरचा पे

गेल्या महिन्यात माझ्या बँकेच्या ॲपचं बोधचिन्ह बदललं. पूर्वी तिथे देवनागरी आद्याक्षर होतं, आता रोमन आहे. आईला ॲप सापडेना. ती शब्द वाचून नाही, अक्षराच्या वळणावरून ओळखायची. त्या संतापातून हे लिहितो आहे.

ॲपांनी चेहरे बदलले की लोक ओरडतात, हे आता नेहमीचं झालं. इन्स्टाग्रामचा जुना कॅमेरा २०१६ मध्ये गेला, लोक चिडले, पुढे सरावले. २०२३ मध्ये ट्विटरने पक्षी घालवून फुली आणली; त्यात कलेबद्दल बोलण्याजोगं काही नाही. २०२० मध्ये गूगलने जीमेल, ड्राइव्ह, मीट सगळ्यांना तेच चार रंग फासले, तेव्हा 'कुठलं कुठलं तेच कळत नाही' ही तक्रार शंभर टक्के खरी होती. मुंबईच्या सायबर पोलिसांकडे तक्रार गेल्यावर मिंत्राने २०२१ च्या जानेवारीत आपलं चिन्ह बदलायचं कबूल केलं. त्याच सुमारास लोकांना ॲमेझॉनच्या नव्या चिन्हातल्या निळ्या पट्टीत हिटलरसारखी मिशी दिसली आणि कंपनीने ती पट्टी दुमडून टाकली. म्हणजे वापरणाऱ्यांच्या शब्दाला वजन आहे.

मला खरं बोलायचंय ते सोलापूरच्या शुक्रवार पेठेत जवळजवळ प्रत्येक गल्ल्यावर चिकटलेल्या एका अक्षराबद्दल. जांभळ्या वर्तुळातला फोनपेचा 'पे'. डोक्यावर शिरोरेघ, तिच्यावर मात्रा, खाली उभा दंड: इतक्यात काम झालं. उन्हाने स्टिकर विटला, कोपरे उचकटले, तरी लांबून ओळखू येतो. २०१० मध्ये डी. उदय कुमार यांनी रुपयाचं चिन्ह केलं, त्यातही रोमन R सोबत आपला 'र' आहेच. एवढ्याशा जागेत आपलं अक्षर किती भक्कम उभं राहतं, याचे हे दोन पुरावे. या 'पे'वरून तर फोनपे आणि भारतपे वर्षानुवर्षं कोर्टात भांडले, २०२४ मध्ये समेट झाला. ज्या अक्षरासाठी कंपन्या वकील लावतात, ते आपल्याला मात्र गावंढळ वाटतं!

'छोट्या चौकोनात देवनागरी गिचमिड दिसते' असं सांगणाऱ्यांनी कमल शेडगे यांची नाटकांच्या जाहिरातींतली अक्षरं पाहावीत. वर्तमानपत्राच्या दोन बोटं जागेत त्यांनी अख्ख्या नाटकाचा स्वभाव उतरवला. र. कृ. जोशींनी तर संगणकाच्या पडद्यासाठी 'मंगल' टाइप घडवला. आणि आमच्या सोलापुरात बोर्ड रंगवणारा पेंटर मराठीची शिरोरेघ ओढून त्याच पाटीवर कन्नड-तेलुगूची गोलाई काढतो, तीही मोजक्या जागेत. अडचण लिपीची नाही. अक्षर हाताने काढून पाहायचे कष्ट नकोत, म्हणून तयार रोमन टाइप उचलायचा आणि त्याला आधुनिक म्हणायचं, हा आळस आहे.

मिशीवर आपण ओरडलो, रंगांवर ओरडलो. आपलं अक्षर काढून घेतलं तेव्हा गप्प का? सोलापुरातल्या खातेदारांनी, ग्राहकांनी आपापल्या बँकेच्या, दुकानाच्या ॲपबद्दल लेखी मागणी करावी: चिन्ह बदला, पण अक्षर आमचं ठेवा. मी माझा अर्ज सोमवारी शाखेत देतो आहे. त्यावर आईचीही सही आहे, मोडी वळणाची.