‘ऑल सिस्टिम्स रेड’ : रक्षकाची अलिप्तता आणि मालकीचा प्रश्न

प्रास्ताविक :
कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ (१९२०) या चेक नाटकातून ‘रोबोट’ हा शब्द रूढ झाला. त्याच्या मुळाशी वेठबिगारीचा अर्थ आहे. आयझॅक असिमोव्ह यांच्या १९४२ मधील तीन नियमांनी मानवाचे संरक्षण आणि मानवाचे आज्ञापालन ही यंत्रमानवाची जोडकर्तव्ये ठरविली. अमेरिकन लेखिका मार्था वेल्स यांची ‘ऑल सिस्टिम्स रेड’ (२०१७) ही लघुकादंबरी ही जोडी विलग करून पाहते. नेब्युला व ह्यूगो पुरस्कारप्राप्त या कृतीवर २०२५ मध्ये दूरचित्रवाणी मालिकाही आली. प्रस्तुत लेखात तिच्या नायकाच्या भावनिक अलिप्ततेचा विचार केला आहे.

कथासूत्र :
परग्रहावरील संशोधनासाठी डॉ. मेन्सा यांच्या पथकाला कंपनीच्या अटीनुसार एक सुरक्षा-यंत्र भाड्याने घ्यावे लागते. यांत्रिक आणि मानवी घटकांतून घडविलेल्या या रक्षकाने आपल्यावरील नियंत्रक घटक गुप्तपणे निकामी केलेला आहे. मोकळीक मिळाल्यावर ते मनोरंजनाच्या मालिका पाहण्यात रमते. तथापि दुसऱ्या पथकाची हत्या झाल्यावर आपल्या पथकाच्या रक्षणासाठी ते स्वेच्छेने उभे राहते.

विवेचन :
हे यंत्र चेहरा शिरस्त्राणाआड झाकते आणि माणसांकडे शक्यतो कॅमेऱ्यांतूनच पाहते. इतरांवर पाळत ठेवणे हे ज्याचे काम, त्यालाच कोणी पाहिलेले सोसत नाही, हा विरोधाभास अर्थपूर्ण आहे. ही अलिप्तता भावशून्यतेतून आलेली नाही. आरंभीच्या हल्ल्यात भेदरलेल्या व्होलेस्कूला धीर देण्यासाठी ते स्वतःहून चेहरा उघडते. गुराथिन त्याची गतकालीन हकीकत उघड करतो, तेव्हा खाणकामावरील ५७ जणांच्या मृत्यूचा आरोप पुढे येतो. ‘मर्डरबॉट’ हे त्याने स्वतःला दिलेले नावही सर्वांना कळते. त्या नावाच्या खाजगीपणाचा भंग त्याला विशेष बोचतो. ज्याचे शरीर कंपनीच्या मालकीचे आहे, त्याच्यापाशी स्वतःचे म्हणता येईल असे मनच तेवढे उरते. अलिप्तता ही त्या मनाची राखण होय.

म्हणूनच शेवट महत्त्वाचा ठरतो. मेन्सा त्याला कंपनीकडून विकत घेतात. त्यांचा हेतू निर्मळ आहे, परंतु त्यांच्या समाजातही त्याला पालकाच्या छत्राखाली राहावे लागणार असते. ते कोणालाही न सांगता मालवाहू यानातून निघून जाते. सहृदय मालकी हीदेखील मालकीच आहे, हे लेखिकेने येथे कोणतेही भाष्य न करता सूचित केले आहे.

कृतीला मर्यादाही आहेत. मेन्सा व गुराथिन वगळता पथकातील व्यक्तिरेखा पुसट राहतात आणि प्रतिपक्ष केवळ लोभापुरता उरतो. माणसे टाळणाऱ्या निवेदकामुळे हे काही अंशी समजण्याजोगे असले, तरी उणीव जाणवतेच.

निष्कर्ष :
सक्ती संपल्यानंतरही जे टिकते तेच खरे कर्तव्य, असे ही कृती सुचविते. नियंत्रणाविना केलेले रक्षण आणि कृतज्ञता असूनही नाकारलेला आश्रय या दोन निर्णयांतून वेठीचे यंत्र स्वतंत्र व्यक्ती बनते. यंत्रमानवकथेच्या परंपरेत या लघुकादंबरीचे मोल यातच आहे.