न बोलता शिकवणारी स्टेज

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा व्हिडिओ गेम सुरू होतो तेव्हा मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो आणि उजवीकडे सारी जागा मोकळी असते. आपण इथे जरा थांबू या. कुठे बाण नाही, सूचनेची ओळ नाही, तरी अंगठा आपसूक उजवीकडचे बटण दाबतो. १९८५ साली शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी रचलेला हा खेळ नव्वदच्या दशकात नकली यंत्रांच्या कॅसेटींतून तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला, तो बहुधा माहितीपुस्तिकेशिवायच. आणि इंग्रजीचा गंध नसलेल्या पोरांनाही तो पहिल्या दुपारीच कळला.

समोरून रागीट भुवयांचा गूम्बा नावाचा शत्रू येतो. धडकलो की मेलो. पण तो आरंभीच भेटत असल्याने गमावण्यासारखे काही नसते. पुढच्या खेपेस आपण उडी मारतो. मग ठोकळ्यातून मशरूम निघते, उजवीकडे सरकत हिरव्या पाइपावर आपटते आणि थेट आपल्याकडे परत येते. गूम्बाचा धसका घेतलेला खेळाडू उडी मारून निसटू पाहतो, तर डोक्यावरच्या विटा त्याला अडवतात, मशरूम अंगाला लागते आणि मारिओ चक्क मोठा होतो! भीतीच्याच पोटी बक्षीस दडवणारी ही योजना किती लोभस! या पहिल्याच स्टेजच्या उत्तरार्धात समोरासमोर दोन जिने येतात, मध्ये भरीव जमीन. लगेच तशीच दुसरी जोडी, पण मध्ये खोल खड्डा. विहिरीत पोहायला शिकवताना आधी पाठीला डबा बांधावा आणि मग तो सोडावा, तसा हा क्रम.

पुढच्या स्टेजेस मात्र निष्ठुर होत्या: मोजके जीव, खेळ जतन करायची सोय नाही, आणि वीज गेली की सारे पहिल्यापासून. काळाने ही कठोरता मऊ केली. २००९ च्या ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी’मध्ये एकाच स्टेजमध्ये आठदा मेल्यावर हिरवा ठोकळा प्रकटतो, त्याला धडक दिली की मारिओचा भाऊ लुईजी वाट चालून दाखवतो. मदत नको असेल तर आपण त्या ठोकळ्याकडे पाहूही नये. २०१८ च्या ‘सेलेस्ट’मध्ये तर खेळाची गतीच कमी करता येते. ज्यांचे हात संथ, त्यांनाही शेवट पाहण्याचा हक्क या बदलाने दिला. त्यात कौतुक आहे, आणि तरीही मारिओच्या त्या अबोल शिकवणीची सर कुठल्याच मदतीला नाही.

म्हणून घरातले मूल नवा खेळ लावील तेव्हा आपण शेजारी जरूर बसावे, पण ‘इकडे जा, उडी मार’ म्हणण्याचा मोह आवरावा. खेळ चांगला असेल, तर रचणाऱ्याने ते काम आधीच करून ठेवलेले असते.