पाहुणा कोण, यजमान कोण? ‘लाइव्ह ॲट द ग्रीक’ पुन्हा ऐकताना

आज एकाच अल्बमबद्दल बोलायचंय, आणि सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. रॉकच्या लाइव्ह रेकॉर्डिंगांवर आम्ही पूर्वी बोललो होतो, तेव्हा हा अल्बम आम्ही एका वाक्यात निकालात काढला होता. ‘लेड झेपेलिनच्या गाण्यांचा उत्तम ऑर्केस्ट्रा’ असं म्हणालो होतो. सभागृहात हशाही पिकला होता. नंतर बऱ्याच श्रोत्यांनी आम्हाला सुनावलं की हे अन्यायाचं आहे, पुन्हा ऐका. मग आम्ही पाच-सहा जणांनी बसून तो दोनदा सलग ऐकला. आमचं मत सगळंच्या सगळं बदललं असं नाही. पण ते ज्या पायावर उभं होतं, तो पायाच कच्चा होता, हे मात्र कळलं. आज तेवढंच सांगायचंय.

आधी थोडी माहिती, म्हणजे ज्यांनी ऐकलेला नाही त्यांनाही सोबत येता येईल. अल्बमचं नाव ‘लाइव्ह ॲट द ग्रीक’. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिसच्या ग्रीक थिएटर या खुल्या रंगमंचावर त्याचं रेकॉर्डिंग झालं. बँड ‘द ब्लॅक क्रोज’, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला. गाणारा क्रिस रॉबिन्सन आणि गिटार वाजवणारा त्याचा भाऊ रिच रॉबिन्सन ही या बँडची दोन टोकं. आणि पाहुणा गिटारवादक कोण, तर जिमी पेज! लेड झेपेलिनचा पेज, तेव्हा वय ५५. त्याच वर्षी जूनमध्ये लंडनच्या कॅफे द पारीमध्ये मदतनिधीच्या एका कार्यक्रमात हे लोक एकत्र वाजले होते. ते जमलं, म्हणून पुढे अमेरिकेत मोजके कार्यक्रम झाले आणि त्यातून हा अल्बम आला.

तो बाहेर कसा आला हेही लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे. २००० च्या सुरुवातीला तो आधी फक्त इंटरनेटवरून विकला गेला. त्यात गाणी निवडून, आपल्याला हव्या त्या क्रमानं लावून सीडी मागवायची सोय होती. दोन सीडींचा नेहमीसारखा संच दुकानात आला तो जुलैमध्ये. म्हणजे पहिल्या काही महिन्यांतल्या श्रोत्यांनी एकच अल्बम ऐकला असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

आता श्रोत्यांची मतं. आमच्या बैठकीतही तीच तीन निघाली, जी या अल्बमबद्दल नेहमी ऐकू येतात. पहिलं मत : पेज इतका निवांत आणि नेमका क्वचितच वाजलाय. दुसरं : सगळं ठीक, पण क्रिस रॉबिन्सन म्हणजे रॉबर्ट प्लांट नव्हे. आणि तिसरं आमचंच जुनं : एवढा मोठा बँड, आणि दुसऱ्याची गाणी वाजवत बसलाय, याला ऑर्केस्ट्राच म्हणायचं. एकेक घेऊ.

प्लांटपासून सुरू करू, कारण ते सगळ्यात लवकर तोंडावर येतं. ‘व्हॉट इज अँड व्हॉट शुड नेव्हर बी’ किंवा ‘होल लॉटा लव्ह’ ऐकताना आपल्या कानात मूळ आवाज बसलेला असतो. लेड झेपेलिनमध्ये प्लांटचा आवाज गिटारशी सवाल-जवाब करायचा. पेजनं एक जागा घ्यायची, प्लांटनं ती वर नेऊन परत द्यायची. क्रिस हे करत नाही. तो ब्लूजच्या आणि सोल संगीताच्या वळणानं गातो, शब्द थोडे चावून, थोडे मागे रेंगाळत. आमच्यातल्या एकीचं म्हणणं असं की म्हणूनच अल्बम ऐकवतो. त्यानं प्लांटची नक्कल केली असती, तर दहा मिनिटांत आपण बंद केला असता. हे आम्हाला पटलं. पण त्याची किंमतही मोजावी लागलीय. जिथे मूळ गाण्याचा सगळा ताण गळा आणि गिटार यांच्या झटापटीत आहे, तिथे या अल्बममध्ये तो ताण ढिला पडतो. ‘होल लॉटा लव्ह’ शेवटी येतं, लोक जल्लोष करतात, पण आम्हाला तरी ते या संचातलं सगळ्यात कमकुवत गाणं वाटलं.

आता पहिलं मत, पेजच्या वादनाचं. इथे आपल्याला ‘टेन इयर्स गॉन’पाशी थांबायला हवं. हे गाणं १९७५ च्या ‘फिजिकल ग्रॅफिटी’मधलं. स्टुडिओत पेजनं यात गिटारवर गिटार चढवली होती. म्हणजे एक वाजवून ठेवायची, तिच्यावर दुसरी, मग तिसरी. एकाच माणसाच्या अनेक गिटारी एकमेकींशी बोलतायत असा तो मामला आहे. आता हे मंचावर कसं करायचं? लेड झेपेलिनमध्ये गिटारवादक एकच! १९७७ च्या दौऱ्यात त्यांनी तोडगा काढला. बेस वाजवणारा जॉन पॉल जोन्स तीन मानांची गिटार गळ्यात अडकवायचा आणि बेस पायानं पेडलवर वाजवायचा. कौतुकास्पदच आहे. पण तो तोडगाच होता.

ग्रीक थिएटरमध्ये मात्र मंचावर तीन गिटारवादक आहेत. पेज, रिच रॉबिन्सन आणि ऑडली फ्रीड. शिवाय एडी हार्श कीबोर्डवर, स्वेन पिपियन बेसवर आणि स्टीव्ह गॉर्मन ड्रम्सवर. म्हणजे स्टुडिओत जे एकट्यानं एकावर एक रचलं होतं, ते आता एकाच वेळी वेगवेगळ्या हातांनी वाजतंय. हेडफोन लावून ऐका. मधल्या भागात गिटारींच्या जोड ओळी येतात, तिथे पेज पुढे घुसत नाही. तो बाकीच्यांचं ऐकत वाजवतो. आयुष्यभर एकट्यानं सगळा भार उचललेल्या माणसाला कुणीतरी खांदा दिलाय, हे वादनात कळतं. आमच्यात एक जण स्वतः गिटार वाजवतो. तो म्हणाला, सोलो सोडा, रिचचा उजवा हात ऐका. आणि खरंच, या अल्बमचा कणा तो आहे. रिच तारा ओपन ट्यूनिंगमध्ये लावून वाजवणारा माणूस, रुंद आणि भरदार स्वरगुच्छ देणारा. त्यानं खाली अशी भक्कम जमीन करून दिली, म्हणून पेज वर मोकळा फिरू शकला. आपल्याकडे मैफलीत गायकाला दाद देताना आपण तबल्याला आणि पेटीलाही देतो ना? या अल्बमबद्दल बोलताना पंचवीस वर्षं आपण पेटीला दाद द्यायला विसरलो.

गाण्यांची निवडही बघा. ‘स्टेअरवे टू हेवन’ नाही, ‘काश्मीर’ नाही. उलट ‘कस्टर्ड पाय’ आहे, ‘हे हे व्हॉट कॅन आय डू’ आहे, जी लेड झेपेलिननं स्वतः मंचावर जवळपास वाजवलीच नाहीत. लोकप्रिय गाण्यांवर टाळ्या घेणाऱ्या ऑर्केस्ट्राची ही निवड नव्हे. आमच्या जुन्या मताला पहिला तडा गेला तो इथे.

एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. सत्तरीच्या दशकात लेड झेपेलिन मंचावर गाणं ताणायचे, मोडायचे, कधी कधी भरकटायचे. १९७६ च्या ‘द साँग रिमेन्स द सेम’वर ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ पंचवीस मिनिटांच्या पुढे जातं. तसा धोका या अल्बममध्ये कुणी पत्करत नाही. गाणी स्टुडिओतल्या आकाराच्या आसपास राहतात. ज्यांना मैफलीत कलाकार रस्ता चुकून परत सापडलेला आवडतो, त्यांना हे फार शिस्तीचं वाटेल. ती तक्रार रास्त आहे, आमचीही आहे.

आता मुख्य मुद्दा, ऑर्केस्ट्राचा. अल्बमवर एकूण २० गाणी. त्यातली १४ लेड झेपेलिनच्या अल्बमांवर किंवा रेकॉर्डवर आलेली. उरलेली ६ ब्लूजची आणि जुन्या ब्रिटिश रॉकची : बी. बी. किंगचं ‘वोक अप धिस मॉर्निंग’, यार्डबर्ड्सचं ‘शेप्स ऑफ थिंग्ज’, फ्लीटवुड मॅकचं ‘ओह वेल’ वगैरे. आणि ब्लॅक क्रोजची स्वतःची किती? एकही नाही. यावरून आम्ही निष्कर्ष काढला होता की बँडनं पाहुण्यापुढे लोटांगण घातलं. घर आपलं आणि जेवणाचा बेत पाहुण्याचा.

पण प्रत्यक्षात काय घडलं होतं? त्या रात्री ब्लॅक क्रोजनं आपली गाणीही वाजवली होती. ती अल्बमवर आली नाहीत, कारण आधीच्या रेकॉर्ड कंपनीशी असलेल्या करारामुळे ती दुसरीकडे प्रसिद्ध करता येत नव्हती. म्हणजे बघा, जी गोष्ट आम्ही बँडचा स्वभाव म्हणून वाचली, ती करारातली अट होती! आम्ही अर्धी मैफल ऐकून पूर्ण मैफलीवर बोललो. आणि हे आम्हाला अजिबात माहीत नव्हतं असंही नाही. कराराची गोष्ट आमच्या वाचनात आली होती. पण मत देताना कान त्याच क्रमाच्या मागे गेले, जो सीडीवर होता.

मार्च २०२५ मध्ये या अल्बमची वाढीव आवृत्ती आली. मूळ निर्माता केविन शर्ली यानंच तिचं नव्यानं मिक्सिंग केलं, आणि त्यात क्रोजची स्वतःची गाणी आली. ‘रेमेडी’, ‘वायझर टाइम’, ‘नो स्पीक नो स्लेव्ह’. या गाण्यांत पेज काय करतो ते ऐका. तो दुसऱ्याच्या गाण्यात सांभाळून जागा शोधतो. आता यजमान रिच आहे आणि पेज खरोखरच पाहुणा. मग लेड झेपेलिनच्या गाण्यांकडे परत या. तीच वीस गाणी आता वेगळी ऐकू येतात. आधी एकतर्फी वाटलेला व्यवहार आता देवाणघेवाण वाटतो.

आणि मंडळी, पाहुणा-यजमान हा हिशोब आणखी मागे नेता येतो. या अल्बमवर ‘यू शुक मी’ आहे, ‘मेलो डाउन ईझी’ आहे, दोन्हींमागे शिकागोचा विली डिक्सन. ‘होल लॉटा लव्ह’वरही त्याचं नाव नंतर लागलं, त्यासाठी त्याला १९८५ मध्ये दावा लावावा लागला. ‘नोबडीज फॉल्ट बट माइन’ ब्लाइंड विली जॉन्सननं १९२७ मध्ये रेकॉर्ड केलं होतं. म्हणजे ज्या घराचा मालक म्हणून आपण पेजकडे बघतो, त्या घरात तोही आधी पाहुणा म्हणूनच शिरला होता, आणि कधी कधी न विचारता. ब्लॅक क्रोजच्या १९९० च्या पहिल्या अल्बमचं नाव ‘शेक युअर मनी मेकर’, तेही एल्मोर जेम्सच्या गाण्यावरून. तेच गाणं या संचात दोघं मिळून वाजवतात. आम्हाला वाटतं, सगळ्यात मोकळं वादन अशाच गाण्यांत आहे, जिथे गाणं दोघांपैकी कुणाचंच नाही.

राहिलेलं पंचवीस वर्षांनी ऐकायला मिळणं हे पेजच्या बाबतीत पहिल्यांदा घडलेलं नाही. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट आपल्या मुंबईत आले होते, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही गाणी रेकॉर्ड केली होती. ती अधिकृतपणे बाहेर आली २०१५ मध्ये, ‘कोडा’च्या नव्या आवृत्तीत. तोवर त्या मुंबईच्या वादकांचा वाटा जमेत न धरताच या लोकांच्या पूर्वेकडच्या ओढीबद्दल भरपूर लिहून झालं होतं.

तर आमचं सुधारलेलं मत असं. ‘लाइव्ह ॲट द ग्रीक’ हा महान लाइव्ह अल्बम नाही, कारण त्यात धोका कमी आहे आणि दोन-तीन ठिकाणी आवाजाची उणीव जाणवते. पण तो ऑर्केस्ट्रा नाही. एका थोर गिटारवादकाला पहिल्यांदाच पुरेसे हात मिळाले, तर त्याची गाणी कशी वाजतात, याचा तो पुरावा आहे. आणि त्या हातांमध्ये रिच रॉबिन्सनचं नाव पहिलं घ्यायला हवं. आम्ही ते घेतलं नव्हतं. ती चूक आज इथे दुरुस्त करतो.

घरी जाऊन ऐकणार असाल, तर क्रम सांगतो. आधी ‘रेमेडी’, मग ‘शेक युअर मनी मेकर’, मग ‘टेन इयर्स गॉन’. पहिल्यांदा ऐकताना पेजकडे लक्ष देऊ नका. दुसऱ्यांदा द्या. आणि आमचं म्हणणं पटलं नाही तर जरूर कळवा. मागच्या वेळी कळवलंत, म्हणून तर आजचं हे बोलणं झालं.