हाइम यांची दुहेरी वली आणि हवेतल्या रेषा

अल्बर्ट हाइम यांचं नाव आपण ऐकतो ते बहुतेक त्यांच्या चुकीमुळेच. १८७८ चा ग्रंथ, त्यातली ग्लारुसची ‘दुहेरी वली’, ती पुढे खोटी ठरली, विषय संपला. मला हा निकाल घाईचा वाटतो. संशोधनाला लागायच्या आधी त्या ग्रंथातले छेद तरी नीट बघा.

प्रश्न असा होता. पूर्व स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुसच्या डोंगरांत कड्याच्या माथ्यावर २५ ते ३० कोटी वर्षांचा व्हेरुकानो खडक आहे आणि त्याच्याखाली जेमतेम ३.५ ते ५ कोटी वर्षांचा फ्लिश, म्हणजे समुद्रतळाचा वाळू-चिखलाचा गाळ. म्हातारा वर, तरणा खाली. (सह्याद्रीच्या आडव्या थरांत वाढलेल्या आपल्याला हे पचायला जडच जातं.) हाइम यांचे गुरू एशर यांना थर सरकून वर आल्याची शंका होती, पण एवढं मोठं सरकणं स्वतःच्या नावावर छापायला ते धजले नाहीत. त्यांनी दुहेरी वली पत्करली आणि हाइम यांनी ती पुढे नेली.

युक्तिवाद वेडगळ नव्हता. वली आडवी लोळली की उलट्या भुजेत जुना खडक नव्याच्या वर येतोच. अशा दोन वली, एक उत्तरेकडून, एक दक्षिणेकडून, तोंडाला तोंड लावून. मधला पातळ चुनखडक म्हणजे ताणली गेलेली उलटी भुजा. अडचण एवढीच, की वलीचा बाक छेदात बराचसा झिजून गेलेल्या भागात, म्हणजे चक्क हवेत, नाहीतर जमिनीच्या पोटात काढावा लागत होता.

१८८४ मध्ये मार्सेल बेर्त्रां यांनी ग्लारुसला न जाता एकच थ्रस्ट सुचवला. फ्रान्स-बेल्जियमच्या कोळसा खाणींत तसा प्रकार माहीत होता. घरबसल्या प्रतिभेची ही गोष्ट सगळ्यांना आवडते, पण हाइम यांचे काटेकोर छेद नसते तर बेर्त्रां यांच्या हाती काय होतं? हाइम यांना ते मान्य करायला पुढचं शतक उजाडावं लागलं. आज हे सरकणं निदान ३५ किलोमीटरचं मानतात आणि तो चुनखडक म्हणजे थ्रस्टवर रगडला गेलेला खडक.

माझ्या मते त्यांची चूक निरीक्षणात नाही. प्रत्येक पुरावा त्यांनी वलीच्या बाजूने वाचला. दोन कल्पनांत फरक कुठे दिसेल हे विचारलं नाही. दोन वली असतील तर उत्तर भागात खडक दक्षिणेकडे सरकलेला दिसायला हवा. थ्रस्ट असेल तर दोन्ही भागांत उत्तरेकडे. संपर्काजवळच्या लहान वलींचा झुकाव आणि खडकातली ताणरेघ बघितली की दोन्हीकडे उत्तरच निघते. प्रस्तरभंग आणि वली नुसत्या नकाशावर टिपू नका. त्यांना दिशा विचारा.

मी हे शहाणपणाने बोलत नाहीये. माझ्या पहिल्या छेदात मी एक वली सलग रेघेने पूर्ण केली होती. सरांनी त्यावर बोट ठेवलं. “हा बाक कुठे पाहिलास?” कुठेच नव्हता पाहिला. त्या आठवड्यात अख्खा छेद पुन्हा काढला, अर्ध्याहून जास्त रेघा तुटक.