कॉर्सेट : शिवणीची साक्ष

कॉर्सेटविषयी लिहिताना दोन प्रतिमा हमखास येतात : बाईला जखडणारा पिंजरा, नाहीतर तिच्या शृंगाराचे हत्यार. व्हॅलेरी स्टील यांच्या ‘द कॉर्सेट : अ कल्चरल हिस्टरी’ (2001) या ग्रंथाने पहिल्या प्रतिमेला चांगलाच धक्का दिला. कमरेसाठी बायका बरगड्या काढून घेत, ही दंतकथा त्यांनी निराधार ठरवली. मागची नाडी बरेचदा फट ठेवून बांधत, म्हणून कॉर्सेटचे माप म्हणजे कमरेचे माप नव्हे, हेही त्यांनी बजावले. हे सारे मला पटते. तरीही ग्रंथ मिटल्यावर रुखरुख राहिली. ‘जुलूम की निवड’ हा खटला मुख्यतः चित्रे, जाहिराती आणि डॉक्टरांचे इशारे यांच्या साक्षीवर चालतो. शिवण मागच्या बाकावर बसते.

माझ्यापाशी संशोधनाची पदवी नाही, शिवणयंत्र आहे. नोरा वॉ यांच्या ‘कॉर्सेट्स अँड क्रिनोलिन्स’ (1954) या पुस्तकातल्या बेतण्याच्या आकृत्या समोर ठेवून मी अठराव्या शतकाच्या धर्तीचे एक कॉर्सेट शिवले. मूळ कॉर्सेटात तागाच्या कापडाचे थर, त्यांत टिपा घालून केलेल्या अरुंद नळ्या आणि नळ्यांत ‘व्हेलबोन’. हे हाड नव्हेच; काही देवमाशांच्या जबड्यातली, आपल्या नखांसारख्या द्रव्याची पट्टी. ती उभी चिरता येते आणि उबेने वाकते. मी केबल बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या घातल्या. आठवडाभर टिपा घालून बोटे सोलवटली, तेव्हा हे काम इंग्लंडात बहुतांशी पुरुष कारागिरांकडे का होते, याचा थोडा अंदाज आला. जोतीराव फुल्यांनी ज्यांचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले, ते टॉमस पेन थेटफर्डमध्ये वडिलांच्या हाताखाली हाच धंदा शिकले होते. यातून रूपक काढण्याचा मोह मी आवरते. पण या कारागिरांना वगळून कॉर्सेटचा इतिहास पुरा होत नाही.

घालून पाहिल्यावर दुसरी गोष्ट कळली. या बेतात कमर फारशी आवळत नाही. धड शंकूसारखे होते, पाठ ताठ राहते. शिवाय नाडीची भोके दोऱ्याने काजे करून केलेली. जोर लावला की कापडच कुरकुरते. आवळण्याची मर्यादा नीतीने नव्हे, काजाने घातलेली!

ती मर्यादा एकोणिसाव्या शतकात हटली. 1820 नंतर धातूची आयलेट आली. नाडी हवी तेवढी खेचता येऊ लागली. छाती-नितंबांपाशी कळ्या घालून वाळूच्या घड्याळाचा आकार साधला. पुढे, शतकाच्या मध्यापर्यंत, समोरून अडकवायच्या पोलादी पट्ट्यांची जोडी रूढ झाली. तिच्यामुळे बाईला मोलकरणीच्या मदतीशिवाय स्वतःचे कॉर्सेट घालता-काढता येऊ लागले.

म्हणजे एकाच वस्त्रात पाठीकडचा धातू आवळण्याची मुभा देतो आणि पोटाकडचा धातू सुटण्याची. ‘जुलूम की निवड’ या प्रश्नाला शिवण ‘दोन्ही’ असे उत्तर देते, आणि कुठे जुलूम, कुठे निवड, हेही बोट ठेवून दाखवते. स्टील यांचा निष्कर्ष यामुळे खोटा ठरत नाही. पण ‘निवड’ हा शब्द वापरताना ती कुठल्या दशकातली, कुठल्या काजाची, आणि घरात मोलकरीण असलेल्या बाईची की नसलेल्या, हे विचारावेच लागते. वस्त्रावर लिहिणाऱ्याने ते एकदा उलटे करून आतले अस्तर पाहावे, एवढेच माझे मागणे आहे.