भोजाचं नाव आणि पाकिटावरचा मजकूर

आपल्या मंडळात गेली काही वर्षं एक विधान सारखं कानावर येतं. धार ही राजा भोजाची नगरी. भोजाने घोड्यांवर ‘शालिहोत्र’ लिहिलं. आणि आज धरमपुरी-मनावरच्या हाटांत घोड्यासाठी जे बत्तीसा चूर्ण, जंताची पुडी आणि बरसातीचं तेल मिळतं, ती त्याच ग्रंथाची जिवंत परंपरा. ऐकायला छान वाटतं. निबंधाच्या शेवटी तर फारच शोभून दिसतं. पण पहिल्या दोन वाक्यांवरून तिसऱ्यावर जाताना आपण मधला पूल न बघताच उडी मारतो. अशी पाकिटं मी हौसेने जमवतो आणि घरात घोडी पाळलेल्या माणसांशी माझं येणंजाणं आहे, म्हणून या उडीबद्दल जरा सविस्तर लिहावंसं वाटलं.

आधी ग्रंथ. भोजाच्या नावावरचं ‘शालिहोत्र’ खरोखरच आहे, आणि ते छापलं गेलं आपल्या पुण्यात. डेक्कन कॉलेजने 1953 साली ई. डी. कुलकर्णींच्या संपादनाने ते काढलं. छोटेखानी पुस्तक आहे. अकराव्या शतकातल्या या राजाच्या नावावर वास्तुशास्त्रापासून व्याकरणापर्यंत इतके ग्रंथ आहेत, की त्यातलं त्याच्या हातचं किती आणि त्याच्या पदरच्या पंडितांचं किती, हा प्रश्न याही पुस्तकाबाबत विचारायलाच हवा. शिवाय हा विषय भोजाने सुरू केलेला नाही. शालिहोत्र हे मुळात एका ऋषीचं नाव. त्यावरून विद्येचं नाव पडलं, आणि त्याच शब्दाचा घासून झालेला ‘सालोत्री’ आपल्या मोडी कागदांतल्या पागेत घोड्यांचा वैद्य म्हणून भेटतो. नकुलाच्या नावावरचं अश्वचिकित्सेचं पुस्तक आणि जयदत्ताचं ‘अश्ववैद्यक’ ही याच कुळातली. ती दोन्ही कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापली. म्हणजे धारचा वाटा मोठ्या नदीतल्या एका घाटाएवढा. तो लहान नाही, पण नदी आपली नाही.

जाता जाता मांडूचंही सांगून टाकतो, कारण तोही दावा आपल्याकडे फिरतो. एलियटच्या इतिहासात ‘कुर्रतुल्मुल्क’ नावाच्या फारसी अश्ववैद्यकाची नोंद आहे. ते संस्कृतातून ग्यासुद्दीन मुहम्मद शाह खिलजीच्या आज्ञेने उतरवलं असं म्हटलंय. झालं, ग्यासुद्दीन खिलजी म्हणजे मांडूचाच, असं आपण धरून चालतो. पण त्याच नोंदीत साल दिलंय हिजरी 783, म्हणजे इसवी 1381. मांडूचा ग्यासुद्दीन गादीवर आला 1469 मध्ये. नाव जुळतं, साल जुळत नाही. असा कागद मांडूच्या खात्यावर जमा करायची घाई नको.

आता पाकिटं. त्यांच्यावर भोज असतो, कुठे नकुल, कुठे उधळलेला पांढरा घोडा. आत काय आहे ते मात्र नसतं. फार तर ‘बत्तीस जडीबुटी’ एवढंच. ‘बत्तीसा’ हा जुना शब्द आहे, बत्तीस जिनसांचा मसाला. व्यालेल्या जनावरालाही देतात. पूर्वी तो पन्साऱ्याकडून जिन्नस सांगून बांधून घ्यायचे. सुंठ किती, ओवा किती, काळं मीठ किती, हे घेणाऱ्याला ठाऊक असायचं. पाकिटात आल्यावर बत्तीस हा आकडा उरला, जिनसा गेल्या. माझ्या मते परंपरा तुटली ती इथे, आणि आपण नेमकं या तुटलेल्या टोकालाच परंपरा म्हणतोय.

हा प्रकार पूर्वी नव्हता. तो विलायतेहून आला, आणि ‘पेटंट औषध’ हे नावही तिथूनच आलं. नावात गंमत आहे. पेटंट घ्यायचं तर कृती उघड करावी लागते. उघड केलीत तर ठरावीक वर्षं मक्तेदारी मिळते. या औषधांच्या मालकांना कृती उघड करायचीच नव्हती. त्यांनी जपलं ते नाव, बाटलीचा आकार आणि लेबलावरचं चित्र. इंग्लंडातल्या स्लाऊ गावच्या एलिमन कंपनीचं उदाहरण घ्या. घोड्यासाठी ‘रॉयल’ आणि माणसासाठी ‘युनिव्हर्सल’ असं चोळायचं औषध ते विकायचे. आत मुख्यतः टर्पेंटाइन, सिरक्याचं आम्ल आणि अंडं. अमेरिकेतलं स्लोन्स लिनिमेंट तर आपल्यापैकी अनेकांच्या घरात असेल. ते सुरू झालं घोड्यांचं औषध म्हणून, एका खोगीर-साज बनवणाऱ्याच्या घरात. मुलाने पुढे तेच माणसांना विकलं. मिरचीच्या अर्काने कातडी तापते, दुखरा भाग मोकळा वाटतो. एवढं काम ते करतं आणि ते खोटं नाही. खोटेपणा सुरू होतो तो लेबलावर आजारांची यादी वाढत जाते तेव्हा. 1909 मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने अशा गुप्त औषधांचं पृथक्करण करून आतलं सामान आणि त्याची किंमत छापली, तेव्हा तिकडे बरीच खळबळ झाली. आपल्याकडच्या घोड्यांच्या पुड्यांचं असं कुणी केलंय का, हे मी शोधतो आहे.

तरी माणसं विकत घेतात, आणि शपथेवर सांगतात की गुण येतो. ती खोटं बोलत नाहीत. इथेच खरी मेख आहे, आणि तिच्यासाठी घोड्याच्या पोटात थोडं डोकवावं लागेल.

घोड्याच्या पुढच्या पायांच्या केसांवर बारीक पिवळसर अंडी दिसतात, तीळ चिकटावेत तशी. मधमाशीसारखी दिसणारी एक माशी ती घालते. घोडा पाय चाटतो, अळ्या तोंडातून पोटात जातात आणि जठराला चिकटून आठ-दहा महिने राहतात. मग थंडी सरून ऊन तापू लागलं की पूर्ण वाढलेल्या अळ्या आपणहून सुटतात आणि लिदीबरोबर बाहेर पडतात, मातीत जाऊन माशी व्हायला. नेमक्या त्याच दिवसांत मालकाने पुडी दिलेली असेल, तर दुसऱ्या दिवशी लिदीत बोटाच्या पेराएवढ्या लाल-तपकिरी अळ्या! याहून मोठा पुरावा कुठला हवा? पुडी नसती दिली तरी त्या पडल्याच असत्या.

बरसातीचं तसंच, किंबहुना जास्तच. पावसाळ्यात घोड्याच्या पायावर, डोळ्याच्या कोपऱ्यात, कुठल्याही ओल्या जखमेवर घाण मांस चढतं. जखम भरत नाही, आत पिवळट कडक खडे सापडतात. इंग्रज पशुवैद्यांनी त्या खड्यांना आपल्याच बोलीतलं ‘कंकर’ नाव दिलं, आणि हा कर्करोग की बुरशी यावर ते कित्येक वर्षं भांडत राहिले. विसाव्या शतकात उलगडा झाला, की हे काम जठरातल्या एका जंताच्या अळ्यांचं आहे. घरमाशा त्या लिदीतून उचलतात आणि जखमेवर आणून सोडतात. अळीला जखमेत वाढता येत नाही, ती तिथेच मरते आणि खाज, सूज, मांस उभं राहतं. आता यातली मुख्य गोष्ट ऐका. पाऊस संपला, माशा कमी झाल्या, थंडी पडली की बरसाती बहुधा आपोआप बसते. पुढच्या आषाढात पुन्हा उठते. त्यामुळे आषाढ-श्रावणात मालक एकामागून एक चार तेलं लावतो, आश्विनात जे शेवटचं लावलं असेल त्याला यश मिळतं. आमच्या भागात बरसातीच्या तेलाची जी कीर्ती आहे, ती पुष्कळशी दिवाळीच्या थंडीची आहे.

तिसरा आजार कुमरी. कंबरेवरून नाव पडलं असणार. घोडा मागच्या पायांत लटपटतो, वळताना घसरतो, बसला की उठत नाही. हे काम गायीबैलांच्या पोटातल्या एका बारीक सुतासारख्या जंताचं. त्याची पिल्लं डास वाहून नेतो. बैलात ती बिनबोभाट वाढतात, पण चुकून घोड्यात शिरली की भरकटून मज्जारज्जूत जातात. म्हणजे बैलांचा गोठा आणि घोडीचा खुंटा एकाच अंगणात असला, बाजूला पाण्याचं डबकं असलं, की धोका आला. नर्मदाकाठच्या गावांत याहून वेगळं अंगण क्वचितच दिसतं. नांगराला बैल आणि हौसेला, वरातीला, जत्रेला घोडी, हीच आमच्याकडची रीत. या आजारावर पोटात द्यायचं चूर्ण काय करणार? तरीही कुमरीचं नाव मी पाकिटावर वाचलंय, पोटशूळ आणि ‘गरमी’ यांच्या मधोमध.

जुन्या औषधींत दम नव्हता असं मी म्हणत नाही. पळस तर आमच्या माळावर भरपूर. पळसपापडी, म्हणजे त्याच्या बिया, जंतावर देतात. त्यातलं पॅलासोनिन हे द्रव्य जंतांवर काम करतं हे प्रयोगशाळेतही दिसलंय. वावडिंग, कपिला यांची कीर्ती मुख्यतः पट्टकृमींवर. घोड्याला सगळ्यात जास्त छळतात ते मात्र वेगळेच. आतड्याचं रक्त पिणारे गोल जंत, ज्यांची पिल्लं आतड्याला रक्त नेणाऱ्या धमनीत जाऊन बसतात. तिथे गाठ धरली की रक्त अडतं आणि जीवघेणा पोटशूळ उठतो. टर्पेंटाइन आणि जवसाचं तेल पाजल्यावर आतड्यातले मोठे जंत पडताना दिसतात, मालक खूश होतो. धमनीतल्या पिल्लांना त्याचा वासही लागत नाही. आणि पाजणं हीच एक जोखीम. डोकं वर बांधून बांबूच्या नळीने ओतताना थोडं जरी श्वासनळीत गेलं तर फुप्फुस सडतं. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे चुकीचं पोटात गेलेलं बाहेर काढायची सोयही नाही. ज्याची घोडी लग्नसराईत घर चालवते, त्याचं अशा एका नळीत वर्ष बुडतं.

शोध कसा लागतो, याचं आपल्याच इतिहासातलं उदाहरण सर्ऱ्याचं आहे. घोडे तापाने झुरत झुरत मरायचे. 1880 मध्ये पंजाबात डेरा इस्माईल खान इथे ग्रिफिथ इव्हान्सने त्यांच्या रक्तात वळवळणारा सूक्ष्म जीव पाहिला. पुढे 1889 मध्ये पुण्यात सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा निघाली, लिंगार्ड तिथे सर्ऱ्यावर काम करू लागला, उपाय म्हणून सोमलही देऊन पाहिला. 1893 मध्ये प्रयोगशाळा मुक्तेश्वरला गेली. मुंबईचं परळचं पशुवैद्यक कॉलेज 1886 चं, आपल्या जवळचं महूचं 1955 चं. आपल्या निबंधांत भोज दर पानावर येतो आणि महूचं कॉलेज कधीच येत नाही, हे मला खटकतं. धरमपुरीच्या घोडीला त्यातलं कोण जास्त जवळचं?

जुन्या ग्रंथांतून उचलायचंच असेल तर मी दुसरं काही उचलेन. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात अश्वाध्यक्षाचं प्रकरण आहे. तिथे घोड्यांच्या वैद्याची कामं सांगितली आहेत आणि पाठोपाठ दंडही. उपचारात ढिलाई होऊन रोग वाढला तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट. वैद्याच्या चुकीने जनावर गेलं तर त्याची किंमत. नकुल-जयदत्ताच्या परंपरेत औषधाचे घटक नावानिशी सांगितलेले. त्यांची शरीरविषयक समजूत आज टिकत नाही, भोवऱ्यांवरून शुभाशुभ सांगणारी पानं तर सोडूनच द्या. पण वाचणारा ती कृती करून पाहू शकत होता आणि फसली तर तसं म्हणू शकत होता. पाकिटाच्या बाबतीत या दोन्ही वाटा बंद आहेत.

आणि कायदा? 1954 च्या जादूई उपायांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्यात ‘औषध’ या शब्दाची व्याख्या माणसांबरोबर जनावरांनाही धरून केली आहे. ज्या रोगांची जाहिरात करायची नाही त्यांची यादी मात्र माणूस डोळ्यांसमोर ठेवून केलेली दिसते. बरसाती, कुमरी तिच्यात नाहीत.

आता दुसऱ्या बाजूचंही. 1981 नंतर आयव्हरमेक्टिन आलं, त्याच्या शोधकांना 2015 चं नोबेल मिळालं, आणि बरसातीच्या अळ्या, पोटातल्या माशीच्या अळ्या, गोल जंत यांवर ते खरोखर चालतं. म्हणून काय झालं, तर तेही आता पाकिटासारखंच विकलं जातं. दुकानदार गायीबैलांच्या इंजेक्शनची बाटली पुढे सरकवतो, मालक अंदाजाने टोचतो. घोड्यांमध्ये टोचल्या जागी गंभीर संसर्ग झाल्याने घोड्यांसाठीचं इंजेक्शन मागे घेऊन तोंडाने द्यायची पेस्ट आणली गेली होती, हे त्या दुकानात कुणी सांगत नाही. लिदीची तपासणी न करता सरसकट दर दोन-तीन महिन्यांनी औषध दिलं की जंत त्याला सरावतात; काही जुन्या औषधांना ते जगभर सरावलेच आहेत.

मंडळातर्फे नुस्ख्यांची नोंद करायचं ठरतंय, चांगलं आहे. फॉर्ममध्ये माझे चार रकाने घालावेत: औषध कोणत्या महिन्यात दिलं, घटक आणि वजन किती, त्याच दिवसांत आणखी काय काय दिलं होतं, आणि पुढच्या पावसाळ्यात त्या घोडीचं काय झालं. सारंगखेड्याच्या यात्रेला जाणाऱ्या घोडेवाल्यांकडून सुरुवात करता येईल. दत्तजयंतीला ते निघायच्या आत भेटलेलं बरं.