शिंकांनी हरलेला वीर

प्रेस्टन स्टर्जेसचा ‘हेल द कॉन्करिंग हीरो’ हा अमेरिकन बोलपट १९४४ सालचा, म्हणजे ऐन महायुद्धातला. घरोघरची मुले आघाडीवर गेलेली, आणि या गृहस्थाने विनोदाला विषय कोणता निवडावा? आघाडीवर न गेलेल्या एका मुलाची थाप!

वुड्रोचा बाप पहिल्या महायुद्धात पडला, तो मुलगा जन्मला त्याच दिवशी. घरात बापाची तसबीर देवासारखी मांडलेली. असा मुलगा मरीन दलात भरती होतो आणि फुलोऱ्याने शिंका येण्याच्या विकारापायी महिन्याभरात परत पाठवला जातो. घरी जायचे कोणत्या तोंडाने? तो जहाजांच्या कारखान्यात काम धरतो आणि आईला समुद्रापारची पत्रे धाडतो. पुढे सहा मरीन त्याला गाठतात व वीर म्हणून गावी नेतात. स्टेशनावर बँड वाजतो, आईचे गहाणखत जाळले जाते, पुतळ्याची भाषा निघते, शेवटी नगराध्यक्षपदाची उमेदवारीही गळ्यात पडते.

येथे स्टर्जेसची नजर थापाड्यावर नाही, गावावर आहे. वुड्रो आढेवेढे घेतो, तर लोक त्याच्या विनयावरच लुब्ध! गावाला वीर हवा होता. माणूस कोण, ही चौकशी कोणाला नको होती. शेवट मात्र मला पटला नाही. वुड्रो भरसभेत सारे कबूल करतो, आणि तेच गाव पुन्हा त्याच्याच मागे लागते. हसण्याच्या भरात हे खपून जाते, इतकेच.

पुढे व्हिएतनामहून परतलेल्या कित्येकांनी आपली लष्करी नोकरी चारचौघांत सांगणे टाळले. १९७३ साली सक्तीची भरती थांबली. २००१ नंतर वारे असे फिरले, की अनोळखी माणसे सैनिकाला थांबवून आभार मानू लागली. न मिळवलेली पदके मिरवणारेही होतेच. त्यांच्यासाठी २००६ साली कायदा झाला. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्वारेझ खटल्यात तो भाषणस्वातंत्र्याविरुद्ध ठरवला. मग २०१३ साली नवा कायदा आला: पदकाच्या थापेवर पैसा, मालमत्ता किंवा तसाच लाभ उकळला तर गुन्हा. हे वाचताना मला वुड्रोच्या आईचे ते गहाणखत आठवले.

आणि आमच्या वर्गातला एक मुलगाही. ‘माझे वडील’ या निबंधात त्याने लिहिले, वडील पलटणीत स्वयंपाकी आहेत. मुले हसली. पुढल्या परीक्षेत त्याच निबंधात त्याचे वडील बंदूक घेऊन सीमेवर उभे होते. गुण मी दोन्ही वेळा सारखेच दिले.